सोयाबीनच्या गाठी, नेलपॉलिश अन् फसलेलं आयोडीन : जून ते सप्टेंबरची नोंद

रविवारी लेकरं गोळा करून झाडांचे प्रयोग करायचे असं उन्हाळ्यात ठरवल्तं, ते चार महिने टिकलं, म्हणून हा हिशोब लिहून ठेवतोय. मी औसा तालुक्यात मेडिकल चालवतो, शिक्षक नाही. बीएस्सीला बॉटनी होती एवढंच. सहावी-सातवीची दहा-बारा लेकरं येतेत, कधी चार, कधी वीस, शेतात काम निघालं की कोणीच नाही. बसायला मारुतीच्या देवळापुढचा पार. सामान म्हणजे बादली, खुरपं, काचेचे ग्लास, ब्लेड अन् दुकानातून आणलेलं स्पिरिट.

एकच नियम पहिल्या दिवसापासून ठेवला, बघायच्या आधी प्रत्येकानं आपला अंदाज पाटीवर लिहायचा अन् खोडायचा नाही. पैज लागली की पोरगं हलत नाही तिथून.

सुरुवात घरच्या बियाण्यापासून केली. पेरणीच्या आधी कृषी सहायक दरवर्षी सांगतेतच की उगवण तपासा, पण तपासतंय कोण. १०० दाणे न निवडता घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, वर दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, सुकू द्यायची नाही अन् सहाव्या दिवशी उघडून मोजायचं. सोयाबीनला ७० च्या वर पाहिजे. सगळ्यांनी पाटीवर नव्वद, पंच्याण्णव असं लिहिलं, घरचं बियाणं म्हणल्यावर कमी कोण लिहील. एकाचे ५४ निघाले. गडी एकदम गप्प. मग न उगवलेले दाणे हातात घेऊन बघितले तर कित्येकांचं साल तडकलेलं, आतली डाळ हलायली. सोयाबीनचं साल फार पातळ असतं अन् अंकुर सालाच्या अगदी लागून, पोतं उंचावरून टाकलं की आतल्या आत मोडतो. पोरगं म्हणलं, काका, आमचं पोतं ट्रॉलीतून खाली फेकल्तं. संध्याकाळी त्याचे वडील दुकानात आले, मला वाटलं आता भांडण, तर विचारायले की मग एकरी बियाणं किती वाढवू. ५४ च्या हिशोबानं पावपट तरी जास्त लागंल म्हणलं.

जुलैत ग्लासात ओला कागद लावून मूग अन् हरभरा शेजारी शेजारी. हे तुम्ही सगळ्यांनी केलेलं असतंय, मी पण शाळेत केल्तं, पण एक गोष्ट तेव्हा कोणी दाखवली नव्हती. मुगाची डाळ वर येते, दोन्ही फाका उघडून हिरव्या होतेत. हरभऱ्याची डाळ खालीच बसते, वर नुसता कोंब. पाटीवर सगळ्यांनी लिहिल्तं दोन्ही वर येणार. एक पोरगी बराच वेळ बघत बसली अन् म्हणली, म्हणजे शेळीनं बुडापासून खाल्लं तर हरभरा परत फुटंल, मूग नाही फुटायचा. बरोबर आहे हो! हरभऱ्याचे राखीव डोळे डाळीपाशी मातीखाली राहतेत, मुगाचे सगळे वर. सोयाबीन पण मुगासारखंच, डाळ डोक्यावर घेऊन माती फोडावी लागते, म्हणून ३ ते ५ सेंटीमीटरच्या खाली पेरू नका म्हणतेत अन् पेरल्यावर जोराचा पाऊस पडून पापडी धरली की मान मोडते. हे मी सांगायच्या आधी दोघा-तिघांनी बापाच्या तोंडचं सांगितलं. मी नुसता हो हो म्हणत होतो.

आता गाठी. यावरच मला जास्त लिहायचंय.

१५ ऑगस्टला झेंडावंदन झालं, लेकरं पांढऱ्या कपड्यातच शेतात आली (आयांच्या शिव्या मी खाल्ल्या). सोयाबीन फुलात होतं. एकानं झाड धरलं अन् उपटलं, मुळं धुतली, गाठी दोन. दुसरं उपटलं, एक. मी आठवडाभर सांगत होतो की मुळाला गाठी असतेत मोत्यासारख्या, अन् इथं काहीच नाही, अब्रूच गेली. मग ध्यानात आलं की आपली काळी माती ओली असताना मुळाला अशी चिकटून बसते की उपटलं की बारीक मुळं अन् गाठी मातीतच राहतेत. मग खुरप्यानं झाडाभोवती वितभर घेर धरून ढेकळासकट काढलं, तसंच बादलीत बुडवलं अन् अर्धा तास हात लावायचा नाही म्हणलं. अर्धा तास सहावीच्या पोरांना! माती आपोआप सुटली, खाली चिखल बसला अन् मुळं वर आली तर गाठीच गाठी, ज्वारीच्या दाण्याएवढ्या, सोटमुळाला वर गर्दी. ४३ मोजल्या. तुम्ही करणार असाल तर उपटू नका, एवढं तरी माझ्याकडून घ्या.

ब्लेड मी माझ्याच हातात ठेवलं. एक गाठ मधून कापली. आत गुलाबी, मटणाच्या तुकड्यासारखी. काका रक्त हाय का हे? मी म्हणलं रक्ताचा चुलत भाऊ आहे. आपल्या रक्तात हिमोग्लोबिन, यात लेगहिमोग्लोबिन, लोह दोन्हीत, म्हणून रंग तसला. गाठीतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला पचंल असा करून देतेत, पण ज्या एन्झाइमनं ते काम होतं त्याला मोकळा ऑक्सिजन चालत नाही, बिघडतंय, अन् जिवाणूंना श्वासाला तर ऑक्सिजन पाहिजे. मग हा लाल पदार्थ ऑक्सिजन धरून ठेवतो अन् लागंल तेवढाच सोडतो. एकजण म्हणला, म्हणजे रेशन दुकान. मी पुढं काही बोललोच नाही, यापेक्षा चांगलं मला जमलं नसतं.

मग पैज लागली शेजारच्या दोन रानांवर. एकाला पेरताना खत दिल्यावर वरून युरिया पण टाकल्ता, दुसऱ्याला वरून काही नाही. पाटीवर जवळपास सगळ्यांनी लिहिलं युरियावाल्यात गाठी जास्त, कारण पीक हिरवंगार दिसत होतं. तीन-तीन झाडं काढली. युरियावाल्यात गाठी निम्म्याच्या आत, अन् ज्या होत्या त्या बारीक. तयार नत्र मिळालं की झाड जिवाणूंना पोसायच्या भानगडीत पडत नाही, गाठी धरायचंच कमी करतं. तीन झाडांवरून काही सिद्ध होत नाही हे पण सांगितलं त्यांना, पण गावात ही बातमी माझ्या आधी पोचली अन् दोन दिवस दुकानात लोक गोळ्या घ्यायला येऊन युरियाचंच विचारायचे.

१७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झाल्यावर, परत त्याच रानात. शेंगा भरत आल्त्या. गाठ कापली तर आत हिरवट-तपकिरी, दाबली तर पिचकली. पोरं नाराज, मेलं म्हणली. मेलं नाही, काम संपत आलं, झाडाचा सगळा माल आता शेंगेकडं चाललाय, गाठीला कोण विचारतंय. पण एका पोरीच्या शेतात अजून गुलाबीच होत्या. जादू काही नाही, त्यांचं फुले संगम, उशिरा येणारं वाण, अन् पेरलं पण दहा दिवस मागून. हे तिनंच शोधून काढलं, मी पाणी कमी-जास्त असंल म्हणून अंदाज लावत बसल्तो. पाटीवर माझाही अंदाज चुकीचा लिहिलेला आहे.

नेलपॉलिशचं थोडक्यात. पानाला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचं, चिकटपट्टीनं उचलायचं अन् फोल्डस्कोपखाली धरायचं. फोल्डस्कोप म्हणजे मनु प्रकाश यांनी स्टॅनफर्डमध्ये काढलेला कागदी घडीचा मायक्रोस्कोप, १४० पट मोठं दिसतं, वर मोबाईलचा कॅमेरा टेकवला की सगळ्यांना एकदम बघता येतंय. पहिल्या रविवारी एकीनं बहिणीचं चमकीवालं लाल आणलं, चमकीच दिसली. सोयाबीनच्या पानाला लव असते, ठसा नीट उठतच नाही, नाद सोडा. बांधावरची ज्वारी घेतली, पान ज्यातून हवा घेतं-सोडतं ती छिद्रं दोन्ही बाजूंनी, अन् छिद्राच्या दाराच्या दोन फळ्या डंबेलच्या आकाराच्या. जास्वंदीच्या फळ्या वालाच्या बीसारख्या वाकड्या. बास, एवढंच बघण्यात दीड तास गेला.

आयोडीन मात्र फसलं. कुंडीतलं झाड दोन दिवस अंधारात ठेवून पानातला स्टार्च संपवायचा, मग अर्ध्या पानाला काळा कागद लावून उन्हात. आयोडीन टाकलं की जिथं स्टार्च तिथं निळं-काळं होतं, म्हणजे कागदाखालचं व्हायला नको. ज्याच्या घरी कुंडी दिल्ती त्याच्या आईनं, झाड सुकून जाईल बिचारं, म्हणून रोज सकाळी अंगणात ठेवलं अन् संध्याकाळी परत कपाटात. सगळं पान निळं-काळं. कागदाखालचं पण. (पानाचा हिरवा रंग आधी स्पिरिटमध्ये काढायचा, पण स्पिरिटजवळ ज्योत अजिबात नको, मी गॅस बंद करून कढत पाण्याच्या पातेल्यात स्पिरिटचा ग्लास ठेवतो, तेवढ्यात पान पांढरं होतंय.) अन् एकानं हौसेनं कांद्याची पात आणल्ती, ती निळी झालीच नाही, पोरगं म्हणलं याच्यात प्रकाशसंश्लेषण होत नाही. होतंय, पण कांदा पातीत स्टार्च करत नाही, साखरेच्या रूपात ठेवतो. हा पुढच्या वेळी मुद्दाम करणार, आधी पैज लावून.

आता सोयाबीन निघालं की हरभरा. सोयाबीनच्या जिवाणू कल्चरचं, म्हणजे पेरायच्या आधी बियाण्याला लावायच्या गाठीच्या जिवाणूंचं, एक पाकीट उरलंय, ते हरभऱ्याला लावू का असं एकानं विचारलं. हरभऱ्याचे जिवाणू वेगळे, त्याचं पाकीट वेगळं मिळतं. पण लावून बघायला काय हरकत आहे, म्हणून पाराशेजारच्या परसात तीन सरी धरल्यात, एक कोरी, एक हरभऱ्याच्या कल्चरची, एक सोयाबीनच्या. जुन्या रानात जिवाणू आधीच असतील तर तिन्ही सारख्याच निघायची भीती आहे, कोणी कोऱ्या मातीत कुंडीत करून बघितलं असंल तर आधीचे जिवाणू मारायला माती कशी भाजली ते सांगा. पाट्या लिहून झाल्यात, देवळाच्या कोनाड्यात ठेवल्यात.