मेन स्विच पाडल्यावर सोलापूरच्या घरात काय उरतं?

सोलापूरकरांना साठवण शिकवावी लागत नाही. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात खाली हौद, वर सिंटेक्स आणि मोरीत टिपाड हे ठरलेलंच. डब्यात कडक भाकरी, बरणीत शेंगाची चटणी, पोत्यात मालदांडी ज्वारी. उद्या भूकंप झाला, पूर आला, तरी आठवडा सहज निघेल असं वाटतं. खरंच निघेल का, हे बघायचं असेल तर एखाद्या रविवारी सकाळी मेन स्विच पाडा आणि संध्याकाळपर्यंत वर करू नका.

पहिली अडचण हौदाची. पाणी भरपूर, पण मोटार बंद. झाकण वर्षानुवर्षं उघडलेलं नसतं, कुठे त्यावर फरशी बसवलेली असते. झाकण एकट्याने उचलता येईल असं करून घ्या आणि तोंडातून जाईल एवढी कडीची बादली व हौदाच्या खोलीपेक्षा हातभर जास्त लांब नायलॉनची दोरी तिथेच टांगून ठेवा. दुसरी अडचण आरओची. वीज नाही, दाब नाही, म्हणजे प्यायचं पाणी नाही. माणशी पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला ४ लिटर धरा. पाच माणसं, सात दिवस: १४० लिटर, म्हणजे २० लिटरचे सात जार. एवढं पाणी वापरायच्या पाण्यापासून वेगळं, झाकलेलं, सावलीत हवं.

भूकंपाचा मोठा धक्का बसला की आधी गॅस बंद करा आणि लगेच नळाच्या लाइनचा व्हॉल्व्ह. जमिनीखाली जलवाहिनी आणि ड्रेनेज शेजारीशेजारी फुटले तर पुढचं येणारं पाणी घाण असतं आणि ते चांगल्या हौदात मिसळतं. हा व्हॉल्व्ह कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं, मुलांनासुद्धा. हौदाला तडा गेला असेल तर ते पाणी प्यायला घेऊच नका.

पाण्याची शंका असेल तर एक मिनिट खळखळून उकळा. इंधन वाचवायचं तर ५ टक्क्यांचं साधं, सुगंध न घातलेलं हायपोक्लोराइट ब्लीच लिटरला २ थेंब घाला. २० लिटरच्या जारला २ मिली होतं, सिरिंजने मोजा. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, वरचं पाणी दुपदरी फडक्यातून गाळा, तरीही गढूळ वाटलं तर मात्रा दुप्पट. अर्धा तास थांबून मग प्यायचं. पुष्कळांची चूक इथे होते: बाटली पत्र्याच्या खोलीत पडून असते. आपल्याकडच्या ४४ अंशांच्या उन्हाळ्यात ब्लीच झपाट्याने निकामी होतं. बाटलीवर खरेदीची तारीख लिहा, सहा महिन्यांनी बदला.

आता धान्य. ज्वारीचं पोतं आहे, पण गिरणी विजेवर. जातं नसेल तर ते पोतं तेव्हा घुगऱ्यांपुरतंच उरतं. म्हणून दहा दिवसांचं पीठ कायम दळलेलं हवं, आणि त्यातूनच रोज काढून वरचेवर भरायचं, कारण ज्वारीचं पीठ उन्हाळ्यात महिन्याभरात कडवट होतं. या बाबतीत कडक भाकरीला तोड नाही. चूल लागत नाही, पीठ लागत नाही, महिनोन्‌महिने टिकते. पाच माणसांना दोन वेळा दोन-दोन धरल्या तर आठवड्याला १४०. पत्र्याच्या डब्यात, घट्ट झाकणाखाली ठेवा. पावसाळी हवा लागली की सादळते आणि मग बुरशी धरते. कोरडी घशाखाली उतरत नाही, भिजवायला पाणी लागतंच, तेही हिशेबात धरा. शेंगाची चटणी मात्र दोन महिन्यांवर ठेवू नका, खवट होते.

गॅस पुरवून वापरायला घरातलीच सोलापुरी चादर कामाला येते. जाड बुडाच्या पातेल्यात भात पाच मिनिटं खळखळून उकळा, घट्ट झाकण ठेवा, उतरवून दोन चादरींत चारी बाजूंनी गुंडाळा. सव्वा तासात भात आपोआप शिजतो. तूरडाळ आधी दोन तास भिजवून पंधरा मिनिटं उकळायची, मग तीन तास गुंडाळून ठेवायची. पातेलं निम्म्याहून जास्त भरलेलं हवं, नाहीतर लवकर थंड पडतं. गरम असतानाच खा, रात्रभर ठेवू नका. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीच पेटवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो.

गॅसचा वास आला तर दिव्याचं बटणसुद्धा दाबू नका. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. आधी रेग्युलेटर बंद, मग दारं उघडायची. सिलिंडरला भिंतीतल्या हुकाला साखळी लावून ठेवा.

संडासाला पाणी नसेल तर झाकणाची बादली, आत जाड पिशवी आणि दरवेळी मूठभर राख. हगवण लागली तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, ५ मिलीचा. युपीआय चालणार नाही, म्हणून दहा, वीस, पन्नासच्या नोटा.

लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. गणेश विसर्जन करून माणसं गाढ झोपली होती आणि दगडमातीच्या भिंती, वर मातीचं माळवद, म्हणजे सपाट छप्पर, त्यांच्या अंगावर आलं. एक फूट जाडीच्या मातीचं वजन चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास भरतं, पावसात भिजली की आणखी. दरसाल वर नवी माती टाकत गेलं की जाडी वाढतच जाते. आपल्या गावठाणात अशी घरं अजून आहेत. तिथे वरची जादा माती उतरवून घेणं हे सगळ्या साठवणीपेक्षा मोठं काम. स्लॅबच्या घरात लोखंडी कपाट आणि भांड्यांची मांडणी भिंतीला पट्टीने आवळा, पलंगावरच्या माळ्यावरून पितळी घागरी खाली काढा. टॉर्च आणि जाड तळव्याच्या चपला एका पिशवीत घालून पिशवी पलंगाच्या पायाला बांधून ठेवा. नुसत्या ठेवल्या तर हादऱ्याने सरकतात, आणि अंधारात फुटलेल्या काचेवर पहिलं पाऊल अनवाणीच पडतं.