निळा खडू आणि सपाट पाणी

मार्चचा शेवटचा आठवडा आला की माझ्या पिकअपच्या मागच्या सीटवर दोन वस्तू मुक्कामाला येतात: पोलादी टेपचं रीळ आणि निळ्या खडूचा डबा. पुढचे काही आठवडे मी मध्य नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतांतून फिरते आणि विहिरींचं पाणी किती खोल आहे ते मोजते. विहिरी म्हणजे आपल्या बोअरवेलच, फक्त घेर मोठा. शेतकऱ्यांनी पंप सुरू करण्याआधी, हिवाळाभर स्थिरावलेली पातळी घ्यायची असते. गेली नऊ वर्षं हेच काम करते आहे आणि अजून कंटाळा आलेला नाही.

पद्धत जुनी आहे. टेपच्या टोकाकडच्या वीसेक फुटांना खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायचा, वरच्या कडेशी बरोबर ११० चा आकडा धरायचा आणि मग वर ओढायचा. भिजलेला खडू गडद होतो. कोरडा फिका निळा आणि ओला गर्द निळा यांच्या मधली रेघ १३.४६ वर आली, तर पाणी ९६.५४ फुटांवर. टेप पुसायचा, पुन्हा खडू लावायचा, पुन्हा मोजायचं. दोन मापं शतांश फुटापर्यंत जुळली की वहीत आकडा.

नेब्रास्का म्हटलं की विमानातून दिसणारी चौकोनी शेतं आणि त्यांतली हिरवी वर्तुळं, एवढंच बहुतेकांना आठवतं. ‘तिकडे काही नाही’ असं अमेरिकेतलीच माणसं मला ऐकवतात. मला ते लागतं. इथलं जे काही आहे ते जमिनीखाली आहे, आणि ते मी हाताने मोजते.

राज्याचं नावच पाण्यावरून आलंय. ओटो या इथल्या मूळ जमातीचे लोक मुख्य नदीला ‘सपाट पाणी’ म्हणायचे, त्यावरून नेब्रास्का. फ्रेंच व्यापाऱ्यांनी त्याच नदीला त्याच अर्थाचं नाव दिलं, प्लॅट. नदी रुंद, उथळ, वाळूच्या बेटांमधून वेण्यांसारखी वाहणारी. १८२० मध्ये स्टीफन लाँगची सरकारी मोहीम या नदीकाठाने गेली आणि त्या मोहिमेच्या नकाशावर या सगळ्या मुलखावर ‘ग्रेट अमेरिकन डेझर्ट’ असं छापलं गेलं. वाळवंट! पायाखाली जगातल्या सर्वांत मोठ्या भूजलसाठ्यांपैकी एक, ओगलाला, पसरलेला होता. त्या साठ्यातलं निम्म्याहून जास्त पाणी एकट्या नेब्रास्काच्या वाट्याला येतं.

वाळवंट ठरल्यामुळे लोक थांबलेच नाहीत. हजारो गाड्या प्लॅटच्या काठाने ऑरेगॉन आणि कॅलिफोर्नियाकडे निघून गेल्या. मग १८६२ चा होमस्टेड कायदा आला: पाच वर्षं राहा, कसा, १६० एकर तुमची. पहिल्या दावेदारांतला एक, डॅनियल फ्रीमन, याने १ जानेवारी १८६३ रोजी याच राज्यात, बिॲट्रिसजवळ जमीन घेतली. झाडं नाहीत म्हणून लोकांनी गवताळ मातीच्या विटा कापून घरं बांधली. १ मार्च १८६७ ला नेब्रास्का सदतिसावं राज्य झालं.

पण ही जमीन कुणाची होती, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला जमत नाही. पॉनी, ओमाहा, ओटो, पोंका या मूळ जमातींची. १८७७ मध्ये पोंकांना त्यांच्या नायब्रारा नदीकाठावरून सक्तीने दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात हलवलं. तिथे त्यांचे पुढारी स्टँडिंग बेअर यांचा मुलगा वारला. त्याला मायभूमीत पुरायचं म्हणून ते भर हिवाळ्यात त्याच्या अस्थी घेऊन उत्तरेकडे चालत निघाले आणि वाटेत सैन्याने त्यांना पकडलं. १८७९ मध्ये ओमाहा शहराच्या न्यायालयात न्यायाधीश एल्मर डंडी यांनी निकाल दिला की कायद्याच्या दृष्टीने इंडियन, म्हणजे अमेरिकेतला मूळ रहिवासी, ही ‘व्यक्ती’ आहे. हे एका न्यायालयाला ठरवावं लागलं. २०१९ पासून वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल इमारतीत नेब्रास्काच्या वतीने स्टँडिंग बेअर यांचा पुतळा उभा आहे.

आता ती हिरवी वर्तुळं. होमस्टेडचे १६० एकर म्हणजे अर्धा मैल बाय अर्धा मैल चौकोन. १९५२ मध्ये फ्रँक झायबाख या शेतकऱ्याने चाकांवर फिरणाऱ्या पाइपचं पेटंट घेतलं आणि पुढे नेब्रास्कातल्याच एका कारखान्याने ते यंत्र सुधारून विकायला काढलं. इथे त्याला नुसतं ‘पिव्हट’ म्हणतात. मध्ये विहीर, तिच्याभोवती पाव मैल लांबीचा पाइप गोल फिरतो आणि सुमारे १३० एकर भिजवतो. चार कोपरे कोरडे राहतात. १८६२ च्या कायद्याने आखलेल्या चौकोनात १९५२ चं यंत्र नेमकं बसलं. आकाशातून दिसणाऱ्या त्या नक्षीत ही दोन वर्षं एकावर एक ठेवलेली आहेत. आज राज्यात सुमारे ८० लाख एकर ओलिताखाली आहे, अमेरिकेत सर्वांत जास्त. त्यावर मका, मक्यावर गुरं आणि इथेनॉल, गुरांवर मांसाचे कारखाने. माणसं वीस लाखांच्या आसपास, गुरं त्याच्या सुमारे तिप्पट. अर्थव्यवस्था सांगायची तर ओमाहातल्या विमा कंपन्या आणि युनियन पॅसिफिक रेल्वेसुद्धा सांगायला हव्यात, पण माझा रस्ता तिकडून जात नाही.

वायव्येला गेलं की शेती संपते आणि सँडहिल्स लागतात. सुमारे ५०,००० चौरस किलोमीटर वाळूच्या टेकड्या, वर गवताची पातळ शाल. गवत फाटलं की वारा वाळू उकरतो; त्या खड्ड्याला ‘ब्लोआउट’ म्हणतात आणि पशुपालक त्याला जखमेसारखं जपतात. इथे पडलेला पाऊस वाहून जात नाही, सरळ खाली मुरतो. काही ठिकाणी पाण्याने भरलेला थर जवळजवळ हजार फूट जाड आहे. म्हणून तिथल्या लूप आणि डिस्मल नद्या वर्षभर जवळपास एकाच पातळीने वाहतात.

एवढं पाणी असूनही ते संपवता येतं. टेक्सास आणि कॅन्ससच्या काही भागांत हाच साठा शंभर फुटांहून जास्त उतरलाय. नेब्रास्काने १९७२ मध्ये वेगळी वाट धरली. जिल्ह्यांच्या सरळ रेषा बाजूला ठेवून नद्यांच्या खोऱ्यांनुसार मंडळं केली, नॅचरल रिसोर्सेस डिस्ट्रिक्ट, सगळे त्यांना ‘एनआरडी’ म्हणतात. आज ती २३ आहेत. संचालक स्थानिक मतदार निवडतात, पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो, आणि मंडळ विहिरीला मीटर लावायला लावू शकतं, उपशाची मर्यादा घालू शकतं. म्हणजे शेजाऱ्याचा पंप किती चालावा हे शेजारीच ठरवतात. बैठकांत आवाज चढतात, मी ते ऐकलेत. तरी नैऋत्येचा काही भाग आणि पश्चिमेचा थोडा तुकडा सोडला तर राज्याची पातळी बरीचशी टिकून आहे. माझ्या भागात, फेल्प्स आणि कार्नी काउंटीत, ती जुन्या काळापेक्षा चढलेली आहे: १९४० च्या दशकापासून कालव्यांचं पाणी झिरपत राहिलं आणि काही ठिकाणी भूजल पन्नास फुटांहून जास्त वर आलं.

पण पातळी म्हणजे सगळं नव्हे. इथे आल्यावर आम्ही गावाबाहेर भाड्याच्या घरात राहायचो, पाणी अंगणातल्या विहिरीचं. मला दिवस गेले तेव्हा मी ते तपासायला पाठवलं. नायट्रेट १७ मिलिग्रॅम आलं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला १० आहे, आणि तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकदच ते कमी करतं. सार्वजनिक नळाचं पाणी तपासणं सक्तीचं, खाजगी विहिरीचं नाही. घरमालकाला दोनदा सांगितलं, तो म्हणाला, ‘आम्ही सगळे हेच पिऊन वाढलो.’ आम्ही स्वखर्चाने सिंकखाली आरओ बसवला. वाळूमिश्रित जमीन, मक्याला भरपूर नत्र, वरून पिव्हटचं पाणी: खत मुळांना चुकवून खाली उतरतं आणि तिथेच साठतं. शेतकऱ्यांबद्दल मला माया आहे, तरीही हे मला लिहायचंच होतं.

कालच्या दिवसाची शेवटची विहीर प्लॅटच्या दक्षिण काठाजवळ होती. संध्याकाळी सातची वेळ. याच महिन्यात सहा लाखांहून जास्त सँडहिल क्रेन, राखाडी क्रौंच, या नदीच्या एका छोट्या पट्ट्यात उतरतात. दिवसभर शेतात सांडलेला मका टिपतात आणि रात्री घोटाभर पाण्यात उभे राहून झोपतात, म्हणजे कोल्हा आला तर त्याच्या पावलांचा आवाज पाण्यात होतो. वरच्या अंगाला धरणं झाल्यापासून पूर कमी झाले, बेटांवर झाडं माजली, पात्र अरुंद झालं. आता दर वर्षी यंत्रं घालून वाळू मोकळी करावी लागते, तेव्हा कुठे त्यांना उभं राहायला जागा मिळते.

शेताचा मालक, ऐंशीच्या घरातला, बांधावर येऊन उभा राहिला. दर वर्षी येतो. मी टेप वर ओढला. ४१.८५. पुसून, खडू लावून पुन्हा सोडला. ४१.८४.

‘गेल्या वर्षी किती होतं?’ त्याने विचारलं.

‘४१.२०.’

तो काही बोलला नाही. वर थव्यांचा कलकलाट एवढा होता की मलाही मोठ्याने बोलावं लागत होतं. मी वहीत आकडा लिहिला, विहिरीचं झाकण लावलं, आणि आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत नदीकडे बघत उभे राहिलो.