भंगारातल्या मोटरी

बिघडलेला डीव्हीडी रायटर कुणी टाकायला काढला की माझा हात आधी पुढे होतो. घरच्यांनी नावं ठेवून झाली आहेत. पण त्या पत्र्याच्या डब्यात निदान तीन मोटरी असतात आणि तिघींचा स्वभाव तीन तऱ्हांचा, हे त्यांना कोण सांगणार?

ट्रे आत-बाहेर करणारी ती साधी डीसी मोटर. दोन वायरी, पाच व्होल्ट, की फिरलीच. वायरींची अदलाबदल केली की उलटी फिरते. तबकडी गरगरवणारी बहुधा ब्रशलेस, म्हणजे आत घासणारे ब्रश नसलेली. तिला चालवायचं तर वेगळं सर्किट हवं, म्हणून मी तिच्या वाटेला फारसा जात नाही. खरा ऐवज तिसरा: लेझरचा डोळा पुढे-मागे नेणारी, अंगठ्याच्या नखाएवढी स्टेपर. ती मोजून पावलं टाकते. एका फेरीला २० पावलं, म्हणजे पावलागणिक १८ अंश. तिच्या दांड्यालाच बारीक स्क्रूचे आटे असतात. बहुतेक ड्राइव्हमध्ये एका फेरीत लेझरची गाडी ३ मिलिमीटर सरकते, म्हणजे एका पावलाला ०.१५ मिलिमीटर! एवढं नेमकं सामान पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चादरीवर चार्जरच्या गुंत्याखाली पडलेलं असतं.

मोटर बाहेर काढणं सोपं, वायरी जोडणं जिकिरीचं. पातळ पट्टीची केबल खेचली की फाटते. मग मोटरीच्या बुडाशी तांब्याचे चार ठिपके उरतात, एकमेकांना जवळजवळ चिकटलेले. तिथे केसासारख्या वायरी डाग द्यायच्या, तेही श्वास रोखून, कारण सोल्डरिंग गन क्षणभर जास्त टेकली तर ठिपकाच उखडून येतो. मग मल्टिमीटर लावून जोड्या शोधायच्या. ज्या दोन टोकांत दहा-एक ओहम दिसले, ती एका कॉइलची. बारा व्होल्ट देण्याचा मोह टाळावा, ती तापते.

फ्लॉपी ड्राइव्हचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. तिच्यातल्या स्टेपरला चालवणारी चिप तिच्याच बोर्डावर असते. ३४ पिनांच्या खोबणीत ड्राइव्ह निवडायची पिन ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला जोडायची, १८ नंबरवर दिशा सांगायची आणि २० नंबरवर पल्स, म्हणजे विजेचे ठोके द्यायचे. सेकंदाला ४४० पल्स दिले की ती त्याच वारंवारतेचा सूर धरते. पोलंडचा पावेल झाद्रोझ्न्याक याने हेच वेड पार टोकाला नेलं. २०२२च्या त्याच्या 'फ्लॉपोट्रॉन' या वाद्यात ५१२ फ्लॉपी ड्राइव्ह आहेत. शेजाऱ्यांचं काय होत असेल देव जाणे.

आता कुणी म्हणेल, नवी स्टेपर ड्रायव्हरसकट शंभर-दीडशे रुपयांत मिळते, मग हा खटाटोप कशाला? हिशेब बरोबर आहे. पुण्यातल्या पासोड्या विठोबाच्या देवळाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलं तर पाच मिनिटांत काम होतं. पण विकतच्या मोटरीबरोबर तिची कुंडली येते, त्यामुळे तिच्याशी बोलावंच लागत नाही. भंगारातलीला ना कागद, ना पत्ता. किती व्होल्टला ती दमते, किती वेगाला पाऊल चुकते, हे तिला चालवून, बोट टेकवून, कान देऊनच कळतं. अशी एक मोटर ओळखीची झाली की पुढच्या दहा मोटरींची भीती वाटत नाही.

सध्या दोन रायटरच्या गाड्या एकमेकींना काटकोनात बसवून प्लॉटर, म्हणजे पेनाने रेघा काढणारं यंत्र केलंय. कागद जेमतेम चार बाय चार सेंटिमीटर, पेन उचलायला छोटा सर्व्हो, म्हणजे सांगितलेल्या कोनात वळणारी मोटर. पहिलं 'श्री' काढून घेतलं. उभा दंड सरळ आला, पण वळणं काही केल्या जुळेनात. दिशा बदलली की पहिलं एखादं पाऊल आट्यांतल्या ढिलाईतच जिरतं. रिफिलमधली स्प्रिंग लावून गाडी एका बाजूला ताणून धरली तर बरीचशी ढिलाई जावी. येत्या रविवारी तेच करून बघतो.