सात क्रमांकाची मोहर: तीन त्रिकोण अखेर सुटले

मागच्या नोंदीत ही शिशाची बायझंटाइन मोहर डाल्मेशियाची (एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या प्रांताची) असावी असं म्हटलं होतं. ते मागे घेतो.

मोनोग्रामच्या (क्रॉसवर गुंफलेल्या अक्षरांच्या) बाजूचा प्रश्न नव्हताच. क्रॉसच्या चार कोपऱ्यांत 'तो सो दुलो' ('तुझ्या दासाला') आहे, म्हणजे ८वं-९वं शतक. मागच्या बाजूवर 'स्पाथारिओस' (दरबारी किताब) आणि 'स्त्रातेगोस' (प्रांताचा सेनापती-सुभेदार) यांचे तुकडेही लागले होते. गाडी अडली होती शेवटच्या ओळीवर, प्रांताच्या नावावर. डावा काठ चेपलेला, उजवीकडे ठसा शिशाबाहेर गेलेला, आणि मध्ये उरलेले तीन त्रिकोण.

शिसं झिजलं की ग्रीक अल्फाची (Α) आडवी रेघ आणि डेल्टाचा (Δ) पाया पुसट होतो, मग लॅम्डासकट (Λ) तिघेही सारखेच दिसतात. डेल्टा-अल्फा-लॅम्डा असेल तर डाल्मेशिया, लॅम्डा-अल्फा-डेल्टा असेल तर हेलास (ग्रीसमधला प्रांत). आरशातल्यासारखी उलटसुलट! पाया पहिल्या त्रिकोणाला आहे की तिसऱ्याला, एवढ्यावर सगळं अडलेलं.

तीन आठवडे मी सवयीने दिवा डावीकडूनच लावत होतो. त्याने उभ्या-तिरप्या रेघा उठतात, पण उजेड आडव्या रेघेच्या दिशेनेच गेला तर तिची सावली पडणार कशी? काल रात्री टॉर्च वरच्या बाजूला, टेबलाला जवळजवळ टेकवून धरला. तिसऱ्या त्रिकोणाखाली केसाएवढी सावली उमटली. खालून धरला, तरी रेघ तिथेच. पहिल्याखाली काहीही नाही. हेलास! किती तरी वेळ नुसता बघत बसलो.

या कामाला यूएसबी मायक्रोस्कोप घेऊ नका. त्याचा गोल दिवा चहूबाजूंनी उजेड टाकून सावल्याच खाऊन टाकतो. साधा एलईडी टॉर्च बरा. आणि विक्रेत्यांनी मेण चोळून चकाकी आणणं थांबवावं, अक्षरांमधल्या फटी बुजतात.

आता राहिलं नाव. पहिल्या ओळीच्या शेवटी ताउ (Τ) आणि योटा (Ι) दिसतात. मोनोग्रामसकट मजकूर 'तुझ्या दासाला साहाय्य कर' असा असल्याने नाव चतुर्थीत येणार, म्हणून 'लेओन्ति', म्हणजे लिओ, असा माझा अंदाज आहे. पुढच्या महिन्यात आरटीआय (वेगवेगळ्या दिशांच्या उजेडातले फोटो संगणकावर एकत्र करणं) करायचं ठरवलं होतं, पण लिहितानाच लक्षात आलं की ही ओळही मी डाव्या उजेडातच पाहिली आहे. तेव्हा आधी घड्याळाच्या बारा आकड्यांवरून बारा फोटो. शिवाय वॉशिंग्टनमधल्या डम्बार्टन ओक्स या संशोधन संस्थेच्या सुमारे १७,००० मोहरांत आजवर मी डाल्मेशियाच धुंडाळत होतो. एकाच बुलोटेरिऑनने (ठसा उठवायच्या चिमट्याने) अनेक मोहरा उठवत. हेलासच्या स्त्रातेगोसांत हिची जुळी बहीण सापडली, तर नाव तिच्यावरूनच वाचता येईल. आज रात्री तिथूनच सुरुवात.