विद्यापीठाच्या पदवीधर यादीत नाव नोंदवण्यापासून अंदाजपत्रक वाचण्यापर्यंत: माझा अनुभव

सोलापुरात पदवीधर निवडणूक म्हटलं की बहुतेकांना विधान परिषदेचा पुणे पदवीधर मतदारसंघच आठवतो. ती यादी निवडणूक आयोगाची, नमुना 18 भरून होणारी. मी लिहितोय ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या नोंदणीकृत पदवीधरांच्या यादीबद्दल. आमदारकीला मत दिलं म्हणून इथं आपोआप नाव येत नाही. अर्ज वेगळा, यादी वेगळी.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 प्रमाणे अधिसभेवर (सिनेट, म्हणजे अंदाजपत्रक जिच्यापुढे येतं ते विद्यापीठाचं सभागृह) 10 प्राचार्य, 10 महाविद्यालयीन शिक्षक, विद्यापीठाच्या विभागांतले 3 शिक्षक आणि 6 संस्थाचालक निवडून येतात. शिवाय पदसिद्ध आणि नामनिर्देशित सदस्य असतात. यांतल्या बहुतेकांचं विद्यापीठाशी रोजचं काही ना काही काम असतं. तसं नसलेल्या पदवीधरांसाठी 10 जागा आहेत, त्यांना या यादीतलेच पदवीधर मत देतात, आणि विद्यापीठाच्या पैशाबद्दल सामान्य नागरिकाचं म्हणणं सभागृहात पोचवण्याची तेवढीच थेट वाट आहे. म्हणून नोंदणीची कटकट करायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

विद्यापीठ 1 ऑगस्ट 2004 ला सुरू झालं. त्याआधी सोलापूर जिल्ह्यातली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. त्यामुळे पन्नाशीच्या पुढच्या बहुतेकांच्या पदवीवर शिवाजी विद्यापीठाचं नाव आहे, आणि ‘आपलं इथं काय काम’ म्हणून ही माणसं अर्जच करत नाहीत. अधिनियमात मूळ विद्यापीठाच्या पदवीधरांनाही नोंदणीची मुभा आहे. अट अशी की एकाच वेळी दोन विद्यापीठांच्या नोंदवहीत नाव ठेवता येत नाही.

अर्जाला पदवी प्रमाणपत्र लागतं. शेवटच्या वर्षाचं गुणपत्रक म्हणजे पदवी नव्हे. नोकरी गुणपत्रकावर लागली आणि प्रमाणपत्र काढायचं राहूनच गेलं, असे लोक गल्लीगल्लीत सापडतील. त्यांनी आधी तो अर्ज करावा, कारण जुनं प्रमाणपत्र हातात यायला वेळ लागतो आणि नोंदणीची मुदत तोवर थांबत नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांचे अर्ज हमखास अडकतात. पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र सोबत जोडलं की प्रश्न मिटतो. जुनी नोंद चालणार की अर्ज नव्याने भरायचा, हे जाहीर सूचनेत नीट वाचावं. तात्पुरती यादी लागली की स्वतःचं नाव, त्याचं स्पेलिंग आणि मतदान केंद्र तपासावं. हरकतीची मुदत संपल्यावर दुरुस्ती जवळपास होत नाही.

मतदान पसंतीक्रमाचं असतं, आणि सुशिक्षितांची मतं सर्वांत जास्त इथंच बाद होतात. 10 पैकी 5 जागा खुल्या असतात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांना प्रत्येकी एक. राखीव जागेसाठी फक्त त्या प्रवर्गानेच मत द्यायचं, हा समज चुकीचा आहे. मतदाराने सगळ्याच जागांसाठी मत द्यायचं असतं. मतपत्रिकेवर नावापुढे रिकामा चौकोन असतो, त्यात 1 हा आकडा लिहायचा, प्रत्येक गटासाठी वेगळा. बरोबरची खूण, फुली, सही यांतलं काहीही केलं की मत वाया. एकाच गटात 1 दोन नावांपुढे लिहिला तरी बाद, आणि 1 न लिहिता नुसते 2, 3 लिहिले तरी बाद. पुढच्या पसंती ऐच्छिक असल्या तरी मी त्या देतोच. समजा खुल्या गटात 6000 वैध मतं पडली, तर 5 जागांसाठी कोटा (निवडून यायला लागणारी मतं) 6000 भागिले 6, अधिक 1, म्हणजे 1001. आपला उमेदवार कोटा ओलांडून गेला तर त्याची जादा मतं, आणि मागे पडून बाद झाला तर सगळी मतं पुढच्या पसंतीला जातात. पुढची पसंती नसेल तर ते मत पुढच्या फेऱ्यांत कुणाच्याच कामाला येत नाही.

निवडणुकीनंतर बहुतेक जण विद्यापीठ विसरतात. खरं काम अंदाजपत्रकापाशी सुरू होतं. वित्त व लेखा समिती, मग व्यवस्थापन परिषद, मग अधिसभा असा त्याचा प्रवास. पुस्तिका उघडली की मी आधी एका ओळीतले तीन आकडे बघतो: गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाची तरतूद. तरतूद मोठी आणि प्रत्यक्ष खर्च किरकोळ असं एखाद्या लेखाशीर्षाखाली वर्षानुवर्षं दिसलं, तर ते काम कागदावरच आहे असं समजावं.

जमेच्या बाजूला शासनाचं अनुदान मुख्यतः मंजूर पदांच्या वेतनाचं असतं. परीक्षा शुल्क, संलग्नता शुल्क, ठेवींवरचं व्याज हे विद्यापीठाचं स्वतःचं उत्पन्न. महाविद्यालय स्वायत्त झालं की परीक्षा स्वतः घेतं, म्हणून परीक्षा शुल्काची ओळ घटताना दिसली तर आधी हे कारण तपासावं. अनुदानित महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांचे पगार या पुस्तिकेत शोधू नयेत. ते उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयामार्फत थेट शासनाकडून होतात. रुसासारख्या (राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान, 2023 पासून ‘पीएम-उषा’) केंद्राच्या योजनेत महाराष्ट्रासाठी केंद्राचे 60 आणि राज्याचे 40 टक्के. तो निधी ठरलेल्या कामालाच बांधलेला असतो, पगाराकडे वळवता येत नाही.

अधिसभा सदस्याकडून अपेक्षा ठेवताना त्याच्या हातात काय नाही, हेही लक्षात घ्यावं. शासनाच्या पूर्वमान्यतेशिवाय विद्यापीठ नवं पद निर्माण करू शकत नाही. त्यामुळे ‘शिक्षक का वाढवत नाही’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर मंत्रालयात असतं, आणि तोवर विभाग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतात. याचा सर्वांत जास्त त्रास विद्यार्थ्यांना होतो. कुलगुरूंची नेमणूकही अधिसभा करत नाही. शोध समिती किमान 5 नावं सुचवते, आणि त्यांतून कुलपती म्हणजे राज्यपाल निवड करतात.

पण पदवीधर सदस्य प्रश्न विचारू शकतो, ठराव मांडू शकतो. त्यांपैकी दोघं अधिसभेतून व्यवस्थापन परिषदेवरही जातात. सदस्याला प्रश्न लिहून द्यायचा तर सभेच्या कितीतरी आधी द्यावा, कारण प्रश्न दाखल करायला मुदत असते. आणि ‘ग्रंथालयाकडे दुर्लक्ष का’ असा मोघम प्रश्न देऊ नये. लेखाशीर्ष, वर्ष, तरतूद किती, प्रत्यक्ष खर्च किती, उरलेली रक्कम कुठं वळवली, असं विचारावं. तरीही उत्तर मिळालं नाही तर हाच मजकूर माहिती अधिकाराच्या अर्जात घालावा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस.