लंडनला दिवसाच्याच विमानाने का?

आमच्या इमारतीत ज्यांची मुलं बाहेर आहेत, ते सगळे एकदा तरी विचारतातच: "तुम्ही लंडनला दुपारच्या विमानाने का जाता हो? अख्खा दिवस फुकट जातो. रात्री बसायचं, झोपायचं, सकाळी तिथे हजर." परवा जिन्यात तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

"झोपायचं" हे म्हणायला सोपं आहे. इकॉनॉमीच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोप लागणारी माणसं भाग्यवान. मी त्यांतली नाही. मध्यरात्री दोन-अडीचचं विमान म्हणजे संध्याकाळीच डोंबिवलीहून निघायचं, विमानतळावर जांभया देत बसायचं, आणि आत शिरून जरा डोळा लागतोय तोच जेवणाची गाडी येणार. तीन वाजता कोण जेवतं? सकाळी हीथ्रोला उतरलं की लेक ऑफिसला, जावई ऑफिसला, आणि आपण त्यांच्या सोफ्यावर डोळे तारवटून संध्याकाळची वाट बघत. दिवस फुकट जातो तो हा.

दुपारचं विमान दीडच्या सुमाराला सुटतं. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं, त्यामुळे दहा तास उडूनही तिथे संध्याकाळचे सातच वाजलेले असतात. सूर्यही जवळजवळ आपल्याबरोबरच प्रवास करतो. विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास पळतं, आणि लंडनच्या अक्षांशावर पृथ्वी स्वतःभोवती फिरते ती ताशी हजाराच्या जरा वर. ऊन कलतं, पण रडतखडत. मग इलिंगला लेकीच्या घरी पोचून वरणभात खायचा आणि दहाला आडवं व्हायचं. शरीराच्या हिशेबाने तेव्हा रात्रीचे अडीच वाजलेले असतात, झोपेची मनधरणी करावी लागत नाही. आपलं आतलं घड्याळ तसंही चोवीस तासांहून किंचित लांब चालतं. दिवस लांबवणं त्याला पटकन जमतं, आखडणं जमत नाही. पहाटे पाचला जाग येते एवढंच, आणि जूनमध्ये तेव्हा तिथे उजाडलेलंही असतं.

पण खरं सांगू? झोपेचं कारण लोकांना पटतं म्हणून मी ते आधी सांगते. माझा जीव अडकलेला असतो खिडकीत, तीही उजवीकडच्या.

वायव्येला जाताना दुपारचं ऊन डाव्या बाजूला असतं. डावीकडच्यांना डोळ्यांवर येतं, मग पडदे खाली. उजवीकडे सावली, त्यामुळे काळ्या समुद्राचा काठसुद्धा डोळे न मिचकावता बघता येतो. अर्थात मार्ग दर वेळी तोच असेल असं नाही. जेवणं झाली की कर्मचारी दिवसाढवळ्या रात्र करतात ती वेगळीच कटकट. नव्या ड्रीमलायनर विमानाला तर पडदाच नाही. काच बटणाने निळी काळपट होते, आणि ते बटण त्यांना त्यांच्या जागेवरूनही दाबता येतं. खिडकीचे जादा पैसे भरलेल्या माणसाने तक्रार कोणाकडे करायची?

तेवढ्या अंधारात मी डबा उघडते. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी. विमानातलं जेवण अळणी लागतं त्यात स्वयंपाक्याचा दोष निम्माच. आत हवेचा दाब असतो तो सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा. कळसूबाईचा माथा ५,४०० फूट, म्हणजे त्याच्याही वर बसून आपण जेवतो. त्यात हवा इतकी कोरडी की नाक सुकून जातं, आणि मीठ-साखर दोन्ही फिकी लागतात. चटणीतली लसूण मात्र तिथेही ऐकत नाही. शेजारचा आधी नाक मुरडतो, मग पुरी मागतो.

आता उतरण्याचं. हीथ्रोवर साधारण सत्तर टक्के वेळा पश्चिमेचा वारा धरून विमानं उतरतात, म्हणजे पूर्वेकडून येऊन सगळं शहर ओलांडून. अशा वेळी थेम्स उजवीकडे येते. आधी कॅनरी व्हार्फचे उंच टॉवर, मग टॉवर ब्रिज, शार्डचं टोक, लंडन आयचं चाक, बॅटरसीच्या चार पांढऱ्या चिमण्या. इतक्या वर्षांत पाठ झालंय, तरी मी मनात पुढचं नाव आधी घेते आणि ते खिडकीत आलं की मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटतं. मग जमीन एकदम वर येते, हाउन्स्लोची घरं, मागच्या अंगणातले वाळत घातलेले कपडेसुद्धा दिसतात. वारा पूर्वेचा असला तर सगळा डाव फसतो; विमान उलट्या बाजूने, विंडसरकडून येतं आणि शहर दिसतच नाही. त्या दिवशी मी लेकीशी जरा तुटकच बोलते म्हणे.

सकाळी उतरणाऱ्या विमानात हे सगळं असूनही नसतं. तेव्हा कॉफीचे कप आवरणं, चपला शोधणं, स्वच्छतागृहाची रांग. ओळखीच्या शहरात शिरताना मला जागं असायला आवडतं. नव्या शहरात झोपेतून उठून उतरलं तरी चालेल, तिथे ओळखायचं काय असतं?

तेव्हा तिकीट काढताना दुपारचं बघा, आणि उजवीकडच्या खिडकीचं अक्षर बऱ्याच मोठ्या विमानांत के असतं ते घ्या. डिसेंबरात जाणार असाल तर माझं काही ऐकू नका. तिथे चारलाच अंधार पडतो.

परतीचं मात्र विचारू नका. तिकडून मुंबईचं विमान मला बहुतेक रात्रीचंच मिळतं, आणि पूर्वेला येताना ती रात्रही आखूड होते. तेव्हा मी मुकाट्याने आइल सीट घेते, स्वच्छतागृहाजवळची रांग तेवढी टाळून.