बेन्क्लिफ ग्रिट: इपॉक्सी सोडलं आणि तेल दिसलं

दिसलं एकदाचं! इंग्लंडमधल्या ऑस्मिंग्टन मिल्सच्या बेन्क्लिफ ग्रिट या वालुकाश्मातला क्वार्ट्झचा एक कण, त्यात बुजलेली भेग आणि भेगेवर ओळीने बसलेले पिवळसर ठिपके. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली स्वच्छ चमकतात. या वालुकाश्माला तेलाचा वास येतो हे डॉर्सेटच्या किनाऱ्यावर फिरणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे, पण छिद्रांतलं तेल कधीही शिरलेलं असू शकतं. कणात कोंडलेलं तेल मात्र भेग बुजताना तिथे होतंच. मला हवा होता तो हाच पुरावा.

आडवं येत होतं ते इपॉक्सी, म्हणजे दगड काचेवर चिकटवायचा राळेसारखा गोंद. थिन सेक्शन (सूक्ष्मदर्शकासाठी घासून केलेला दगडाचा पातळ काप) ३० मायक्रॉनपर्यंत छान उतरायचं, पण टॉर्च लावला की सगळी काच निळी. थर पातळ केला, हार्डनर बदलला, तरी तेच. त्यात छिद्रांतलं तेल इपॉक्सीत विरघळतं आणि कणांच्या कडाही उजळतात. सुपरग्लू कमी चमकतो, पण अ‍ॅसिटोन लागलं की सुटतो.

म्हणून सेक्शनच सोडलं. हा दगड बोटांनी चुरगळतो, मग कापायचा कशाला? सुटे कण सौम्य आम्लात ठेवून शिंपल्यांचा चुरा घालवला (कॅल्साइटही चमकतं), मग अ‍ॅसिटोनने धूत राहिलो, निथळलेलं अ‍ॅसिटोन टॉर्चखाली काळोखं दिसेपर्यंत. शेवटी ग्लिसरीनचा थेंब आणि कव्हरस्लिप. आता जे चमकतं ते कणाच्या आतलंच. हे काम खिडकी उघडी ठेवून, ज्योतीपासून लांबच करा. आणि टॉर्च फिल्टरवालाच घ्या. बिनफिल्टरच्या स्वस्त टॉर्चच्या जांभळ्या उजेडात असे फिके ठिपके बुडून जातात.

यानंतर डॉर्सेटमधल्याच मुपे बेचा वील्डन (नदीने साठवलेले थर) घ्यायचा होता. तिथल्या गोटेरी थरात तेलाने घट्ट झालेल्या वाळूचे गोटे आहेत, म्हणजे क्रिटेशियसच्या, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडाच्या, सुरुवातीलाच तेल नदीच्या पात्रात झिरपत होतं, असं बरेच अभ्यासक मानतात. पण हे लिहिता लिहिता डॉगर आठवले! बेन्क्लिफमधले ते मोठे गोल कॅल्साइटी गोळे. तेल येण्याआधीच कॅल्साइटने छिद्रं बुजवली असतील, तर गोळ्यातल्या कणांत असे ठिपके बाहेरच्या वाळूपेक्षा कमी निघायला हवेत. सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियन संशोधन संस्थेच्या जीओआय (तेलाचे ठिपके असलेले कण मोजण्याच्या) पद्धतीने दोन्हीकडचे कण मोजता येतील. तिच्यात तेल साठलेल्या थरात ठिपकेवाले कण साधारण ५ टक्क्यांच्या वर जातात. तेव्हा मुपे बे नंतर, आधी डॉगर. कड्याला हात न लावता, किनाऱ्यावर पडलेला तुकडा. करवत पाण्यावर चालणारी हवी, कारण कटिंग ऑइलही चमकतं. अशी करवत कोणाकडे असेल तर कळवा.